हाविसचा हिवाळा

परक्या माणसाच्या तोंडून हाविसचं नाव ऐकलं आणि लॅम्बर्ट स्केफचा हात थांबला. काठीला लटकणाऱ्या वाती वितळलेल्या मेणात तशाच बुडून राहिल्या. वात किती वेळ बुडवायची, कधी उचलायची, हे इतकी वर्षं हाताला आपोआप कळत आलं होतं. आज हातच बहिरा झाला. वातींवर चढलेले थर सुटून परत हंड्यात मिसळले, वाती उघड्या पडल्या, तरी तो बघतच राहिला. ते नाव वर्षातून एकदाच कानावर पडायचं, चर्चमध्ये, वसंतात, ईस्टर होऊन गेल्यावर, पाद्री मेलेल्यांची नावं वाचायचा तेव्हा. एरवी तो आणि एमट त्या नावाला वळसा घालून राहत, खोलीच्या मधोमध पाळणा ठेवलेला असावा तसे. आणि हा पियर्स हॉलगेट, लॉर्ड रॉक्सबीचा कारभारी, यॉर्कमधल्या स्टोनगेटच्या भर रस्त्यात दुकानाच्या फळीवर कोपर टेकून सफरचंद खाता खाता म्हणाला होता, "काय मेणवाले, तुमच्या हाविसला पुरलं ना, त्या दिवसाचं जरा काम होतं."

"कसलं काम, कारभारी?"

"आमच्या सिबिलबाईसाहेबांच्या बाप्तिस्म्याला मशाल तुम्हीच धरली होती ना, थॉर्लबीच्या चर्चमध्ये? सकाळी लेकीला पुरलंत आणि दुपारी तसेच मशाल घेऊन उभे राहिलात. गावात अजून सांगतात."

"धरली होती."

"तो दिवस सेंट मार्टिनच्या सणाचा. हिवाळ्याच्या तोंडचा."

"नाही हो. ईस्टर होऊन गेला होता. बाहेर कोकरं–"

"सेंट मार्टिनचा," हॉलगेट म्हणाला. तो रागावला नव्हता. धडा चुकलेल्या पोराला समजवावं तसा हसत होता. छातीवरच्या बिल्ल्यातला रॉक्सबी घराण्याचा काळा बगळा त्याच्या हसण्याबरोबर हलत होता. "नीट आठवा. वेळ आहे अजून. आठवण काय, मेणासारखीच. जरा ऊब दिली की हवा तो आकार घेते. तुम्हाला मी काय शिकवणार!" मग त्याने मान आत घालून दुकानभर नजर फिरवली. "सगळं मेणच मेण की हो. आणि वर गवताचं छप्पर. एक ठिणगी पुरेल. जपून असा बरं." सफरचंदाचा उरलेला गाभा त्याने फळीवर ठेवला, अगदी नीट, देठ वर करून, आणि गेला.

काम काय आहे हे शहरात सगळ्यांनाच ठाऊक होतं. सिबिलचा बाप लढाईत गेला, आई तापात गेली, मागे उरली ती आणि नदीच्या पुलावरचा किल्ला. पूल ज्याचा, उत्तरेचा रस्ता त्याचा. राजा आजारी, कधी शुद्धीवर कधी नाही. दरबारात आज एकाचं वजन, उद्या दुसऱ्याचं. अशा दिवसांत त्या पुलाला माणसांपेक्षा जास्त किंमत आली होती. पोरीचं पालकत्व रॉक्सबीकडे होतं, आणि त्याने आपल्या धाकट्या मुलाशी तिचं नावापुरतं लग्नही लावून टाकलं होतं. पण या वर्षी वारं फिरलं. दरबारात आता लॉर्ड फेनिकचा शब्द चालत होता, आणि नाताळात पोरीचं पालकत्व त्याच्याकडे जाणार असं ठरलं होतं. एकच वाट उरली होती. लग्न झालेली पोर चौदाची झाली की तिला पालक लागत नाही. ती आपल्या जमिनीची मालकीण, म्हणजे तिचा नवरा मालक, म्हणजे नवऱ्याचा बाप. सिबिल चौदाची व्हायची होती येत्या वसंतात. अर्ध्या वर्षाचा काय तो प्रश्न. दोन घराण्यांचं वैर कशावरून सुरू झालं, तर म्हणे कुणाच्या तरी अंत्ययात्रेत कुणाचा घोडा पुढे घातला यावरून. त्या घोड्याची हाडंही आता सापडायची नाहीत. पण गेल्या उन्हाळ्यात फेनिकच्या नालाचा बिल्ला लावून हिंडणाऱ्या एका खोगीरवाल्याला बगळेवाल्यांनी पुलावरून खाली फेकलं. त्याच्या शवाशेजारी लावायच्या मेणबत्त्या त्याची बायको लॅम्बर्टकडूनच घेऊन गेली होती.

आणि कोण कधी जन्मलं हे कशावरून ठरवायचं? बाळाचा बाप्तिस्मा जन्मल्या दिवशीच होतो, आणि तो दिवस फक्त माणसांच्या डोक्यात असतो. म्हणून बारा पंच बसवतात. पंचाने नुसता दिवस सांगून भागत नाही. तो का आठवतो ते सांगायचं. त्या दिवशी माझं धान्याचं कोठार जळलं. त्या दिवशी मी घोड्यावरून पडलो. त्या दिवशी माझा भाऊ समुद्रावर गेला तो परत आला नाही. दुःखाच्या खिळ्याला टांगलेला दिवस हलत नाही, असं राजाचे अधिकारी मानतात. हाविसच्या मरणाइतका भक्कम खिळा रॉक्सबीला दुसरा कुठे मिळणार होता?

"मग सांगून टाका की," एमट म्हणाली. दोघं जेवायला बसली होती, वाटाण्याचं दाट सार आणि पाव. तिने एवढ्या सहज म्हटलं की लॅम्बर्टला वाटलं, तिला नीट ऐकू आलं नाही.

"शपथ असते, एमट. पवित्र पुस्तकावर हात ठेवून."

"अख्खं शहर ठेवतंय हात. पुस्तकाला आता सवय झाली असेल."

"पोर तेराची आहे अजून."

"आणि फेनिककडे गेली तर? तो हे लग्न मोडून आपल्या भावाच्या गळ्यात बांधणार तिला. चाळिशीचा आहे तो, दोन बायका पुरून बसलाय. रॉक्सबीच्या पोराला निदान दात तरी आहेत. अहो, मोठ्यांच्या मुली त्या. त्यांना कुणीतरी खाणारच. आपण आपलं छप्पर बघायचं."

"आणि हाविस?"

एमटने चमचा खाली ठेवला नाही. "हाविस मेली आहे. तेव्हा मेली काय, अर्धं वर्ष आधी मेली काय. मेलेल्याला थंडी वाजत नाही."

तोवर त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. तो शपथेचा विचार करत होता, छपराचा करत होता, त्या पोरीचा करत होता. एमटच्या बोलण्याने एकदम सगळं उघडं पडलं. सिबिलला अर्ध्या वर्षाने मोठं करायचं तर हाविसला अर्धं वर्ष आधी मारावं लागणार होतं. सेंट मार्टिनपासून ईस्टरपर्यंत काय होतं? एक हिवाळा होता. सार थंड होत गेलं, वर साय धरली, आणि त्या सायीकडे बघता बघता तो हिवाळा त्याच्यासमोर येऊन बसला. थॉर्लबीत, सिबिलच्या बापाच्या गढीच्या मागच्या बाजूला त्यांची झोपडी होती. त्या वर्षी गिरणीचा ओढा गोठला होता आणि हाविस कणीक मळायच्या परातीत बसून त्यावरून घसरायची, गोल गोल फिरत, पाय वर करून. पहिला बर्फ पडला त्या सकाळी ती दार उघडून ओरडली होती, "बाबा, देवाचं मेण सांडलं!" मग दिवसभर ती काळजीत होती की आता देव मेणबत्त्या कशाच्या करणार. हंडा चुलीवरून उतरवून ठेवला, मेण कोमट झालं की ती दहाही बोटं त्यात बुडवायची आणि पांढऱ्या टोप्या घातलेली बोटं नाचवत आईच्या मागे फिरायची: "बघ, ह्यांना सर्दी झालीय, बाहेर जायचं नाही म्हणतायत." नाताळच्या प्रार्थनेला ती त्याच्या खांद्यावर होती आणि पुढे बसलेल्या गिरणीवाल्याच्या जाड्या बायकोची मेणबत्ती तिने वरून फुंकून विझवली होती, ती बाई बिचारी वाऱ्याकडे बघत तीन वेळा पेटवत बसली. खोकला नंतरचा. ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांतला. पण खोकल्याच्या आधी तो सगळा हिवाळा होता, पुरा, टोकापासून टोकापर्यंत. तिच्या आयुष्यातला तोच एक काळ असा होता की ती बोलायला लागली होती, चालायला लागली होती, आणि दुखायला लागलं नव्हतं. त्याआधीची हाविस इतर कुणाच्याही बाळासारखी होती. तिची अशी हाविस ती त्या हिवाळ्यात झाली.

रविवारी तो ब्रदर ऑस्विनच्या प्रवचनाला गेला. तो कधी चुकवायचा नाही. ऑस्विन भिक्षू जाडजूड, संधिवाताने पाय सुजलेला, चौथऱ्यावर चढताना दोघांनी ढकलावं लागायचं. पण एकदा गायला लागला की हा देह कुणाचा आणि आवाज कुणाचा असं व्हायचं. तो आधी साधं बोलत बोलत गोष्ट उचलायचा, बाजारातल्या माणसासारखा, थट्टा करत, समोरच्या कोळिणीला नावाने हाक मारत. मग कुठेतरी शब्दांना पाय फुटायचे, ताल यायचा, आणि बोलणं कधी गाणं झालं ते कळायचं नाही. ध्रुवपद लोक उचलायचे. चांभार, खाटीक, बगळेवाले, नालवाले, सगळे एका तोंडाने. त्या वेळापुरतं शहरात एकच घराणं असायचं. लॅम्बर्टला वाटायचं, स्वर्ग म्हणजे फार तर एवढंच असेल, ह्याहून निराळं काय असणार. थंडीत खांद्याला खांदा लावून उभं राहायचं आणि सगळ्यांना पुढची ओळ ठाऊक असायची.

त्या रविवारी ऑस्विन शेवटच्या दिवसाचं गात होता. न्यायाच्या दिवशी, तो म्हणाला, देव आधी पापं विचारणार नाही. थडगी उघडतील, आणि प्रत्येक जण आपापले जगलेले दिवस ओंजळीत घेऊन येईल, शेतकरी बी आणतो तसे. म्हातारे पोती घेऊन येतील. राजे गाड्या भरून आणतील आणि त्यातले निम्मे कुजके निघतील. आणि सगळ्यांच्या मागून लहान मुलं येतील, मूठ झाकून, कारण त्यांच्याकडे मूठभरच. देव वाकून त्यांची मूठ उघडून बघेल आणि विचारेल, "सगळे आणलेस का, बाळा? एखादा वाटेत सांडला तर नाही ना?" सगळे आणलेस का, बाळा, लोकांनी उचललं, सगळे आणलेस का. शेजारचा खाटीक रडत गात होता. लॅम्बर्टला पुढची ओळ ठाऊक होती, पण त्याचं तोंड उघडलं नाही. हाविस मूठ उघडते आहे आणि मुठीत एक हिवाळा कमी आहे. ती मागे वळून बघते, कुठे पडला म्हणून.

प्रवचन झाल्यावर त्याने ऑस्विनला मठाच्या चर्चमध्ये गाठलं. ऑस्विन पाय बाकावर टाकून बसला होता.

"ब्रदर, एक पाप करायचं आहे. क्षमा आधी मिळेल का?"

ऑस्विन हसला, पोट हलेपर्यंत हसला. "माझं दुकान असतं तर दिली असती रे उधार–" मग त्याने लॅम्बर्टचं तोंड बघितलं आणि पाय बाकावरून खाली घेतले. लॅम्बर्टने सगळं सांगितलं. ऐकताना ऑस्विन वर खिडकीकडे बघत होता. नव्या काचेत संतांच्या पायाशी एक काळा बगळा उभा होता. उन्हाने त्याची सावली फरशीवर पडली होती, थेट ऑस्विनच्या सुजलेल्या पायांवर.

"ही काच रॉक्सबीने दिली," ऑस्विन म्हणाला. "मी हिच्याच उजेडात गातो. तुला मी काय सांगू?"

"पण तुम्ही गायलात ते खरं ना?"

"गातो तेव्हा खरं असतं. खाली उतरलो की मलाही भीती वाटते, लॅम्बर्ट. तुझ्यासारखीच." बराच वेळ तो पाय चोळत राहिला. "एवढं कर. बोलायची वेळ आलीच तर तिचं नाव घेऊ नकोस. 'माझी मुलगी' म्हण. दिवस सांग आणि गप्प बस. नाव तुझ्यापाशी ठेव. नाव राहिलं की देवाला ती सापडेल."

एवढ्याशा गोष्टीचा आधार घेऊन लॅम्बर्ट घरी आला. नाव घ्यायचं नाही. हंड्याच्या खाली लाकडं सारताना, मेण गाळताना तो स्वतःशी तेच म्हणत होता. पण आठवणीला ऊब मिळाली होती. हॉलगेटने म्हटलं तसंच झालं. सेंट मार्टिन जवळ आला, घरोघरी हिवाळ्यासाठी जनावरं कापायला सुरुवात झाली, गटारांतून लाल पाणी वाहू लागलं, मिठाच्या गोण्या उतरू लागल्या. आणि एक दिवस खाटकाच्या आळीतून जाताना त्याला वाटलं, हाविसला पुरलं त्या दिवशी असाच वास येत होता. तो दचकून भिंतीला धरून उभा राहिला. नव्हता येत. त्या दिवशी ओल्या मातीचा वास होता, गवताचा होता. त्याने तो वास नाकात आणायचा प्रयत्न केला. आला नाही, खाटकाच्या आळीत गवताचा वास कुठून येणार? दुसऱ्या दिवशी आठवणीतल्या थडग्याची कड कडक झालेली दिसली, खणणारा फावड्यावर पाय देऊन कुरकुरत होता, "जमीन दगड झालीय." हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याने स्वतःही ठरवून रचलं नव्हतं. ते आपण होऊन येत होतं, थरावर थर, वात बुडवावी तसं, आणि प्रत्येक थराबरोबर आतली वात दिसेनाशी होत होती. त्याने एमटला विचारलं, "त्या दिवशी खणायला कोण होतं गं?" ती म्हणाली, "मला कशाला विचारता? मी तेव्हा काही बघत नव्हते."

सण झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात यॉर्कच्या किल्ल्याच्या मोठ्या दालनात पंच बसले. बाहेर अंगणात लॅम्बर्ट आपली पाळी येण्याची वाट बघत होता तेव्हा सिबिल त्याच्यापाशी आली. तिला सगळ्यांना दिसेल अशी पुढे बसवायला आणलं होतं. वयाने मोठी वाटावी म्हणून केस वर बांधले होते, त्यामुळे मान फारच बारीक दिसत होती. तिच्या मागे एक म्हातारी दाई गाठोडं घेऊन उभी होती.

"तुम्हीच ना मशालवाले?"

"हो, बाईसाहेब."

"ही सांगायची," तिने दाईकडे मान केली, "माझ्या बाप्तिस्म्याला बाहेर कोकरं इतकी ओरडत होती की पाद्रीला दोनदा थांबावं लागलं. खरंय?"

लॅम्बर्टने हॉलगेटकडे बघितलं. तो पलीकडे पायरीवर बसून भाजलेले चेस्टनट सोलत होता. इतक्या लांबून त्याला ऐकू जाणं शक्य नव्हतं.

"सेंट मार्टिनला कोकरं असतात का?" सिबिलने विचारलं.

"नाही, बाईसाहेब."

"तेच म्हटलं मी." तिने दाईच्या गाठोड्यावर हात ठेवला. "चौदाची होईपर्यंत मला हिच्यापाशीच राहू देणार होते. आता हिला आजच गावी धाडतायत. त्या बाकीच्यांना काही माहीतच नाही हो, ते तिथे नव्हतेच. तुम्ही होतात." हे ती विनवणीच्या सुरात म्हणाली नाही. हिशोब बरोबर लागला की पोरं जशी खूश होतात तशी ती खूश दिसत होती. "वसंतापर्यंतच. पुढचं मग फेनिक बघतील नाहीतर कुणी. पण वसंतापर्यंत."

मग तिला आत नेलं. थोड्या वेळाने आत हसण्याचा आवाज झाला. एका पंचाने सांगितलं होतं, मला तो दिवस आठवतो, कारण त्या दिवशी मी घोड्यावरून पडलो आणि डावा पाय मोडला. त्याच्या पुढच्यानेही तेच सांगितलं, पायही डावाच. तिसरा सांगू लागला, मला तो दिवस आठवतो, कारण त्या दिवशी मी गाडीवरून– तेव्हा फेनिकचा वकील उठून म्हणाला, "सरकार, त्या दिवशी थॉर्लबीत धड पायाचा माणूस एक तरी उरला होता का? बाळाला चर्चपर्यंत नेलं तरी कुणी?" सगळं दालन खो खो हसलं. राजाचा अधिकारीसुद्धा दाढीत हसला. लॅम्बर्ट आत आला तो त्या हसण्यात. रॉक्सबी मंचाजवळ बसला होता, म्हातारा, बारीक, हातमोजे पिळत. तो हसत नव्हता. त्याच्या समोर फेनिक बसला होता, लठ्ठ, सर्दी झालेला, सारखं नाक पुसत. ह्या दोघांसाठी माणसं मरतात याचं लॅम्बर्टला क्षणभर नवल वाटलं. हॉलगेट दारात उभा होता आणि त्याच्या हातात एक चेस्टनट होता, न सोललेला. खेळ बिघडत चालला होता. आता एकाने नुसतं "ईस्टरनंतर" म्हटलं असतं तरी सगळं कोसळलं असतं. सिबिलला ते कळत होतं. ती पुढे सरकून बसली होती.

पुस्तकावर हात ठेवला तेव्हा चामडं गरम लागलं, आधीच्या हातांनी तापलेलं.

"बोल. तुला हा दिवस का आठवतो?"

"मला आठवतं, सरकार, कारण त्या दिवशी सकाळी मी माझ्या मुलीला पुरलं."

हसणं थांबलं. कुणीतरी खोकलं आणि तेही थांबलं.

"कोणता दिवस?"

ओठांवर ईस्टर होता. खरंच होता, आत कुठेतरी कोकरांचा आवाजही होता. पण दारातल्या हॉलगेटने चेस्टनट चिरडला, टरफल तडकल्याचा बारीकसा आवाज झाला, ठिणगी उडावी तसा, आणि लॅम्बर्टच्या डोळ्यांसमोर छप्पर आलं, एमट आली, हंड्यातलं सगळं मेण एकदम पेटलेलं दिसलं.

"सेंट मार्टिनचा सण, सरकार."

"मुलीचं नाव?"

हे ऑस्विनने सांगितलं नव्हतं. अधिकाऱ्याने मुद्दाम विचारलं नव्हतं, त्याचा आवाज उलट मऊ झाला होता. लॅम्बर्ट गप्प उभा राहिला. लोकांना वाटलं, गळा दाटला. एका बाईने हुंदका दिला. फेनिकच्या वकिलाने उघडलेलं तोंड मिटलं आणि तो हळूच खाली बसला.

"नाव सांग, बाबा."

"हाविस."

मग त्याला थांबता आलं नाही. कुणी विचारलं नव्हतं तरी तो सांगत गेला. जमीन दगडासारखी झाली होती, खणणारा कुरकुरत होता. गावात जनावरं कापत होते, सगळीकडे रक्ताचा वास होता. ती थंडी सुरू व्हायच्या आधीच गेली, सरकार, त्या वर्षीचा बर्फ तिने बघितला नाही. दुपारी गढीतून बाळाला आणलं, मशाल धरायला माणूस हवा होता, माझ्या गुडघ्यांना माती होती, मी तशीच धरली. उरलेल्या मशालींचं मेण गढीतल्या बाईसाहेबांनी मला दिलं, मी त्याचे दिवे करून थडग्यावर लावले. हे शेवटचं खरं होतं. ते बाकीच्याशी असं सांधलं गेलं की जोड दिसला नाही. अधिकाऱ्याने टोपी काढून मांडीवर ठेवली होती. लॅम्बर्टने सिबिलकडे बघितलं. ती त्याच्यावर रागावली असेल, रडत असेल, असं त्याला वाटलं होतं. ती मान हलवत होती, हळूहळू, होकारार्थी. ऐकता ऐकता तिलाही ते सगळं आठवायला लागलं होतं.

बाहेर आल्यावर हॉलगेटने त्याच्या खांद्यावर थाप मारली. "वा, मेणवाले! मला तर खरंच रडू आलं." आणि लगेच कामाची गोष्ट काढली. बाईसाहेबांना परवा पुलाच्या किल्ल्यावर नवऱ्याकडे पोहोचवायचं आहे, मिरवणुकीला मशाली हव्यात, चांगल्या जाड, वाऱ्यात टिकणाऱ्या. तुम्हीच करा. तुमचाच मान आहे. अंगणाच्या वेशीतून दाई एकटीच गाठोडं घेऊन बाहेर पडत होती. तिने मागे वळून बघितलं नाही.

घरी एमट चुलीपाशी बसली होती. दुपार कलली होती, गवताच्या छपरातून धूर नेहमीसारखा झिरपत होता. छप्पर होतं.

"झालं?"

"झालं."

"काय बोललात? शब्दाला शब्द सांगा."

त्याने सांगितलं. मशाली, माती, रक्ताचा वास. ती मान हलवत ऐकत होती, बरोबर, बरोबर, अशी. "बर्फ तिने बघितला नाही," इथे आल्यावर तिची मान थांबली.

"हे कुणी सांगायला लावलं?"

"कुणी नाही."

"मग कशाला बोललात?" ती उठली, परत बसली. "दिवस सांगायचा होता. तेवढाच सांगायचा होता ना?" तिने चुलीतलं एक लाकूड उगाच मागे ओढलं आणि पुन्हा आत सारलं. इतकी वर्षं न रडलेली बाई; आताही रडत नव्हती, पण तिचे हात मांडीवर काहीतरी शोधत होते, दहाही बोटं अर्धवट वर उचललेली, जणू कुणीतरी त्यांना टोप्या घालणार होतं. "अहो," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात लॅम्बर्टने कधी न ऐकलेली अशी भीती होती, "तो बर्फ सांगा ना. ती दारात गेली आणि काहीतरी ओरडली. तुम्ही सांगायचात ना, पहिल्या पहिल्यांदा. काय ओरडली होती?"

हंड्यातलं मेण निवत आलं होतं, वर पातळ साय धरली होती. लॅम्बर्टने त्याकडे बघितलं. पांढरं होतं. दार होतं, त्यालाही दिसत होतं, आणि दारात कुणीतरी होतं, पाठमोरं. पण त्या दाराबाहेर गटारांतून लाल पाणी वाहत होतं, जमीन दगड झाली होती, कुणीतरी कुरकुरत होतं. त्याने वाकून बोट मेणात बुडवलं, पार तळव्यापर्यंत, आणि बाहेर काढून बघितलं. इतक्या वर्षांत घट्टे पडलेल्या बोटाला काही गरम लागलं नाही.

"सांगा ना," एमट म्हणाली.

त्याने तोंड उघडलं, आणि सकाळी उघडलं होतं तसंच ते उघडलं.

"मला आठवतं," तो म्हणाला, "कारण–"

एमट वाट बघत राहिली. तोही वाट बघत राहिला.